‘तोच सगळं बघतो’ म्हणालात ना?

सदर : वकीलबाईंना विचारा

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच दुखण्याची निघाली. आपण ज्याच्यावर काम सोपवलं त्याने आपल्या नावावर काहीतरी करून ठेवलंय, आता निस्तरायचं कोणी? बाकीचे प्रश्न (घटस्फोट दोन, कुंपण एक) पुढच्या अंकावर ढकलते आणि या चौघांनाच घेऊन बसते. पत्रं लांबलचक होती, कापली आहेत. नावं गाळली आहेत.

प्रश्न : मांद्र्याला आमचं आठ खोल्यांचं गेस्ट हाऊस आणि खाली छोटा बार आहे. लायसन्स माझ्या नावावर. मी राहतो म्हापशाला, आठवड्यातून एक फेरी मारतो. तीन वर्षं एक मॅनेजर होता. त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं की दहा हजारांवरची खरेदी मला विचारल्याशिवाय करायची नाही. गेल्या डिसेंबरात त्याने नेहमीच्या घाऊक व्यापाऱ्याकडून ६४,००० रुपयांची बिअर उधारीवर उचलली, दुसरीकडून ३८,५०० चा डीप फ्रीझर घेतला, आणि पुढचं अंगण भाड्याच्या स्कूटर लावायला एकाला तीन वर्षांसाठी लिहून दिलं. ३०,००० आगाऊ त्याच्याच खिशात. फेब्रुवारीत तो न सांगता निघून गेला. आता तिघेही माझ्या दारात आहेत. मी परवानगीच दिली नव्हती, तर पैसे मी का भरू? (पेडणे तालुका)

उत्तर : तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, अगदी जाता जाता, एक वाक्य आहे. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात तो बिअरचा व्यापारी भेटला, मालाचं विचारू लागला, तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘‘ताका विचार, तोच सगळें पळयता’’ (त्याला विचार, तोच सगळं बघतो). तुम्हाला ते वाक्य किरकोळ वाटलं असेल. मला तिथेच ६४,००० रुपये दिसले.

मॅनेजरला तुम्ही काय बजावलं हे तुम्हा दोघांतलं बोलणं. ते व्यापाऱ्याच्या कानावर कधी गेलंच नाही. त्याला काय दिसलं? बारवर तुमच्या नावाचं लायसन्स, गल्ल्यावर तुमचा माणूस, तीन वर्षं त्यानेच दिलेल्या ऑर्डरी आणि तुमच्या खात्यातून वेळच्या वेळी चुकती झालेली बिलं. वर लग्नातलं ते वाक्य. १८७२ च्या करार कायद्याचं २३७ वं कलम नेमकं हेच पाहतं: मालकाने बोलण्याने किंवा वागण्याने समोरच्याला असं मानायला लावलं का, की हा माणूस अधिकारातच वागतोय? तसं असेल तर मालक बांधला गेला. याला आम्ही भासमान अधिकार म्हणतो. आत अधिकार असो नसो, बाहेरून दिसतो आणि तो तुम्हीच दाखवलेला असतो. कायद्यातलं उदाहरण तुमच्याच पत्रासारखं आहे. एकाने विक्रीसाठी माल पाठवला आणि एजंटाला सांगितलं, अमुक किमतीखाली विकू नको. एजंटाने खाली विकला. गिऱ्हाइकाला त्या सूचनेचा पत्ता नव्हता. सौदा मालकावर बंधनकारक.

दुसऱ्या वाटेनेही तुम्ही सुटत नाही. कलम १८६ आणि १८७ सांगतात की अधिकार तोंडी किंवा लेखी शब्दांनीच द्यावा लागतो असं नाही, नेहमीच्या व्यवहारावरूनही तो निघतो. तिथलं उदाहरण सेरामपूरच्या दुकानाचं आहे. मालक राहतो कलकत्त्याला, अधूनमधून दुकानात येतो. दुकान दुसराच चालवतो, मालकाच्या नावाने माल मागवतो, मालकाच्या पैशातून फेडतो आणि मालकाला हे ठाऊक असतं. झाला गर्भित अधिकार. सेरामपूरच्या जागी मांद्रे घाला, कलकत्त्याच्या जागी म्हापसा.

तुम्ही विचाराल, मग दहा हजारांच्या मर्यादेला अर्थच नाही का? आहे, पण ती व्यापाऱ्याला माहीत असती तर. एक ओळीचा मेसेज पुरला असता. असा मेसेज कधी पाठवला असेल तर फोन शोधा, बाजू पूर्ण उलटेल.

फ्रीझरचं जरा घासून बघावं लागेल. कलम १८८ म्हणतं, धंदा चालवायला ठेवलेला माणूस त्या धंद्याला लागणारं आणि त्या धंद्यात एरवी जे केलं जातं ते करू शकतो. बारला फ्रीझर लागतो, याबद्दल कोणतंही कोर्ट तुमच्याशी वाद घालणार नाही. पण हा दुकानदार नवा, त्याच्याशी तुमचा पूर्वी व्यवहार नाही. शिवाय रोजचा माल भरणं वेगळं आणि यंत्र विकत घेणं वेगळं, असं मला म्हणता येईल. म्हणेनही. पण फ्रीझर आजही तुमच्या बारमध्ये चालू आहे, त्यात तुमचेच मासे आहेत, असं तुम्हीच लिहिलंय. एखादी वस्तू आपली म्हणून वापरत राहायची आणि खरेदी मात्र आपली नव्हे म्हणायचं, हे चालत नाही. मागाहून मान्यता वागण्यातूनही दिली जाते. कलम १९७. तेव्हा एकतर तो आजच धुऊनपुसून परत पाठवा, किंवा हप्त्यांवर तडजोड करा. मी दुसरं सुचवीन.

अंगणाचं मात्र द्यायचं कारण नाही. गेस्ट हाऊसच्या मॅनेजरने खोल्या द्याव्यात, बिअर मागवावी, गळका नळ दुरुस्त करून घ्यावा. मालकाची जमीन तीन वर्षांसाठी लिहून देणं हे कोणत्याच मॅनेजरचं नेहमीचं काम नव्हे आणि तुम्ही त्या स्कूटरवाल्याला कधी भेटलाच नाहीत. शिवाय तीन वर्षांचा भाडेपट्टा म्हणावा तर त्याला नोंदणी हवी, इथे शंभराच्या स्टॅम्पपेपरवर दोन सह्या आहेत. त्याने आपले ३०,००० मॅनेजरकडे मागावेत. पण स्कूटरी आज तिथे उभ्या आहेत का? असतील तर लेखी हरकत याच आठवड्यात घ्या. आणि त्याच्याकडून एक रुपयाही भाडं घेऊ नका.

माझ्याकडे शिकायला येणारी मुलं असल्या प्रश्नावर हटकून एक इंग्रजी निकाल फेकतात, १८९३ च्या रिपोर्टात छापलेला वॉटो विरुद्ध फेनविक. बिअरच्या दुकानाच्या मॅनेजरला मालकांनी सिगार उधार घ्यायला मनाई केली होती. त्याने घेतले, वर बोव्हरिल (मांसाचा अर्क) घेतलं. कोर्टाने मालकांना पैसे भरायला लावले. गोष्ट रंगतदार आहे, पण तिथे दारावर आणि लायसन्सवर नाव मॅनेजरचंच होतं. विकणाऱ्याला मागे दुसरा मालक आहे हेच ठाऊक नव्हतं. आपलं २३७ वं कलम मालकाने काय भासवलं ते विचारतं, आणि ज्याचं अस्तित्वच माहीत नाही तो काय भासवणार? म्हणून तो निकाल आपल्याकडे जपून वापरावा. तुम्हाला त्याची गरजही नाही, तुमचं नाव दारावर ठळक आहे.

भरलेले पैसे मॅनेजरकडून मागण्याचा हक्क तुमचा राहतोच. मालकाच्या सूचनेबाहेर जाऊन नुकसान केलं तर भरपाई एजंटाने द्यायची, कलम २११. तो सापडला तर.

आणि एक काम आज संध्याकाळच्या आत करा. तो गेला हे सगळ्या पुरवठादारांना लेखी कळवा. एजंटाचा अधिकार तुम्ही काढलात तरी तिऱ्हाइताच्या दृष्टीने तो त्याला कळल्यावरच संपतो, कलम २०८. हे मी माझ्या खर्चाने शिकले आहे. आमचा एक कारकून जवळच्या दुकानातून माझ्या खात्यावर कागद, टाचण्या, शाई आणायचा. मे महिन्यात त्याने काम सोडलं. गणेश चवथीच्या सुमारास हिशेब करायला गेले तर दुकानदाराने लाल वही पुढे सरकवली: जूनमध्ये ए-फोरचे दोन गठ्ठे, दोनशे पानी वह्या बारा, आणि एक कंपासपेटी. कंपासपेटी! माझ्या ऑफिसात भूमितीचं काम निघत नाही. त्याचा मुलगा तेव्हा सातवीत गेला होता. मी म्हटलं, तो जून महिन्यात माझ्याकडे नव्हताच. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘‘बाय, तुमी सांगलें केन्ना?’’ (सांगितलंत कधी?) २,७६० रुपये मोजले.

प्रश्न : आम्ही पुण्यात स्थायिक आहोत. सावईवेऱ्याला वडिलोपार्जित कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. २०१६ साली पुतण्याला नोटरीसमोर मुखत्यारपत्र करून दिलं: कुळागराची देखभाल करणे, सुपारी-नारळाचे उत्पन्न घेणे, कर भरणे, कोर्टात उभे राहणे ‘आणि त्या अनुषंगाने आवश्यक ती सर्व कृत्ये करणे’. गेल्या मार्चात त्याने बाहेरच्या एका खरेदीदाराशी साठेखत केलं आणि माझ्या खात्यात दोन लाख जमा झाले. फोनवर म्हणाला, ‘‘काका, टोकन घेतलंय.’’ मी ‘बघू’ म्हणालो. आठ दिवसांनी साठेखताचे फोटो आले, किंमत बाजारभावाच्या निम्मी आहे. तो म्हणतो, ‘सर्व कृत्ये’ म्हणजे विक्रीही आली. (पुणे)

उत्तर : विक्री आली नाही. मुखत्यारपत्र कोर्टं काटेकोर वाचतात. आधी ज्या कामांची यादी दिली, तिच्या शेपटीला लावलेले ‘सर्व कृत्ये’सारखे शब्द त्या यादीपुरतेच चालतात. देखभालीसाठी दिलेल्या अधिकारात मजूर लावणं येतं, नारळ काढायला पाडेल्याला बोलावणं येतं, पाटाचा बांध फुटला तर बांधून घेणं येतं. कुळागरच विकून टाकणं म्हणजे ज्याची देखभाल करायची तेच घालवणं. विकण्याचा अधिकार द्यायचा असेल तर तो मुखत्यारपत्रात नाव घेऊन लिहावा लागतो. आणि खरेदीदाराला ‘मला तसं भासलं’ म्हणायला इथे फारशी जागा नाही, कारण कागद त्याच्या हातात होता. त्याने वाचायला हवा होता.

‘मुखत्यार’ हा शब्द आपल्याकडे जरा फसवा आहे. गोव्यात देवस्थानच्या कमिटीतही मुखत्यार असतो, माझ्या वडिलांची पिढी मुखत्यारपत्राला ‘प्रोकुरासांव’ म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की मुखत्यार म्हणजे दुसरा मालकच. तसं नाही. कागदात जेवढं लिहिलं तेवढाच तो.

आता गोव्याची गोष्ट. तुमच्या पत्रात काकूंचा उल्लेख नाही. तुमचं लग्न गोव्यात झालेलं असेल आणि वेगळा करार केलेला नसेल, तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या आपल्या दिवाणी कायद्याप्रमाणे नवरा-बायकोची मिळकत सामाईक. स्थावर विकायला दोघांची संमती लागते, मग ती जमीन तुमच्या वडिलांकडून आलेली का असेना. २०१६ च्या कागदावर सही तुमची एकट्याची. म्हणजे पुतण्याला विक्रीचा अधिकार असता तरी तो अर्धवटच ठरला असता. पुण्यात राहून हे विसरायला होतं, खरेदीदाराच्या वकिलाने विसरायला नको होतं.

एवढं सगळं तुमच्या बाजूने असताना मला काळजी आहे ती त्या दोन लाखांची. अधिकार नसताना केलेलं काम मालकाने मागाहून मान्य केलं, तर ते पहिल्यापासूनच अधिकाराने केल्यासारखं धरलं जातं. याला अनुसमर्थन म्हणतात. त्यासाठी ‘मी मान्य करतो’ असं लिहावं लागत नाही. सगळं कळूनही पैसे ठेवून घेतले, एवढ्यावरही समोरचा वकील उभा राहील. तुमच्या बाजूने एक मुद्दा आहे: ज्याला व्यवहाराची मुख्य माहितीच नव्हती त्याचं अनुसमर्थन वैध नाही, कलम १९८. म्हणजे फोनवरचं ‘बघू’ तुम्हाला भोवणार नाही, तेव्हा तुम्हाला किंमत ठाऊक नव्हती. साठेखताचे फोटो पाहिल्यानंतरची गप्प बसलेली प्रत्येक तारीख मात्र भोवू शकते. आणि टोकन ठेवतो पण किंमत मान्य नाही, असंही करता येत नाही. व्यवहाराचा एक भाग मान्य केला की सगळा मान्य, कलम १९९.

तेव्हा पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात बँकेतून परत पाठवा, रोख नको, पुतण्याच्या हाती तर नकोच. सोबत रजिस्टर्ड पत्र: हा करार मी दिलेल्या अधिकाराबाहेर झाला आहे, मला मान्य नाही. मग मुखत्यारपत्र रद्द करा. कलम २०३ प्रमाणे अधिकार वापरला जाण्याआधी तो कधीही काढता येतो. जे आधीच करून झालंय, उदाहरणार्थ यंदा विकलेली सुपारी, ते मात्र तसंच राहील. रद्द केल्याची नोटीस पुतण्याला, खरेदीदाराला आणि फोंड्याच्या सबरजिस्ट्रारला द्या, इथल्या एका मराठी आणि एका इंग्रजी दैनिकात जाहीर सूचना द्या. दैनिकातली सूचना सगळे वाचतातच असं नाही. पण पुढे कोणी ‘कळलंच नाही’ म्हणाला तर दाखवायला कात्रण राहतं.

पुतण्याशी बोलावं का, हेही विचारलंत. बोला. पण पत्र गेल्यावर.

प्रश्न : माझा ट्रॉलर मालीम जेटीवर असतो. ऑक्टोबरात कारवारच्या पुढे गिअरबॉक्स गेला. तांडेलने दुसऱ्या होडीने ओढून कारवारच्या बैतकोल बंदराला आणला, ७० क्रेट बांगडे तिथेच निम्म्या भावाने विकले आणि मेकॅनिकचं २२,००० चं बिल माझ्या नावावर केलं. विचारलं तर म्हणतो, बर्फ संपला होता आणि फोन लागत नव्हता. त्याच्या वाट्यातून कापू का? (बेती)

उत्तर : दुरुस्तीचं बिल तुमचंच. बोट चालवायला दिली की चालती ठेवण्यासाठी लागेल ते करण्याचा अधिकार त्यात आलाच.

बांगड्यांचं उत्तर एका गोष्टीवर आहे आणि ती मी इथे बसून सांगू शकत नाही: फोन खरंच लागत नव्हता का? संकटात मालकाला नुकसानीतून वाचवण्यासाठी एजंटाने ते सगळं करावं, जे शहाणा माणूस स्वतःच्या मालासाठी करील, असं कलम १८९ म्हणतं. उदाहरण खाण्याच्या मालाचंच आहे. कलकत्त्याला माल आला, पुढे कटकला पाठवायचा होता, पण वाटेत नासेल असं दिसलं तर कलकत्त्यालाच विकता येतो. बर्फाविना बांगडा किती तास टिकतो हे तुम्ही मला शिकवाल. पण कलम २१४ ही आहे: अडचणीत एजंटाने मालकाला गाठायची आणि त्याचं म्हणणं घ्यायची वाजवी खटपट करायलाच हवी.

इंग्लंडात एका रेल्वे कंपनीचं याच मुद्द्यावर घोडं अडलं. जर्सी बेटावरून लंडनला निघालेले टोमॅटो वादळाने रखडले, मग बंदरावर संप. काही सडू लागले, तेव्हा कंपनीने मालकाला न विचारताच ते तिथे विकले. टोमॅटो सडत होते हे खरं, पण मालकाला कळवणं शक्य होतं आणि कंपनीने कळवलं नाही, म्हणून भरपाई कंपनीने द्यायची ठरली. हा १९२१ च्या रिपोर्टातला निकाल आहे, तेव्हा तारा करायचे. आता तर खलाशांपैकी चौघांच्या खिशात फोन असतात.

म्हणून आधी बैतकोलला बोट किती वाजता लागली आणि मासे किती वाजता विकले ते विचारा. भर समुद्रात रेंज नसते, हे मान्य. धक्क्यावर असते. बोट लागल्या लागल्या, बर्फ संपलेला, पहाटे तीनला तुम्हाला तीन मिस्ड कॉल, आणि मग विकले असतील, तर तांडेलने योग्यच केलं आणि त्याचा वाटा पूर्ण द्या. सकाळी बोट लागली, दुपारी विकले, आणि तुमच्या फोनवर एकही कॉल नाही, असं असेल तर नुकसान त्याच्याकडे मागता येईल. पण कापण्याआधी कारवारचा त्या दिवसाचा भाव काढा. मालीमचा भाव लावून ‘निम्मा’ म्हणू नका. ऑक्टोबरात बांगडा भरपूर येतो, आणि तिथल्या घाऊकवाल्यांनी परकी बोट अडचणीत पाहिल्यावर भाव काय दिला असेल, हा दोष तांडेलचा नव्हे.

प्रश्न : कुर्टीतल्या प्लॉटसाठी एका दलालाला ५०,००० टोकन दिलं. ‘मी मालकाचाच माणूस’ म्हणाला, प्लॉटही त्यानेच दाखवला, पावतीवर ‘मालकातर्फे’ लिहून सही केली. मालक आता म्हणतो, मी याला पैसे घ्यायला सांगितलंच नव्हतं. पावती मी लॅमिनेट करून ठेवली आहे. (फोंडा)

उत्तर : पहिल्या प्रश्नातल्या बिअरच्या व्यापाऱ्यापाशी जे होतं, ते तुमच्यापाशी नाही. त्याला मालकाने स्वतः सांगितलं होतं. तुम्हाला जे काही सांगितलं ते दलालाने. ‘मला अधिकार आहे’ असं एजंटानेच म्हटल्याने अधिकार तयार होत नाही, तो मालकाच्या बोलण्या-वागण्यातूनच यावा लागतो. आणि जमिनीच्या दलालाचं एरवीचं काम गिऱ्हाईक आणून भेट घालून देणं एवढंच. सौदा पक्का करणं किंवा पैसे घेणं त्यात आपोआप येत नाही. तेव्हा मालकाकडचा एखादा मेसेज, एखादी भेट, काही असेल तर आणा. नसेल तर मालकाचा पाठलाग सोडा.

दलालाला मात्र सोडू नका. खोटा एजंट बनून ज्याने व्यवहार करायला लावला, आणि ज्याला तो मालक म्हणतो त्याने ते मान्य केलं नाही, त्याने तुमचं नुकसान भरून द्यायचं, कलम २३५. पोलिसांत तक्रार करता येईल का, ते कागद पाहून सांगेन.

पावती लॅमिनेट का केलीत? आता सहीची शाई कशी तपासायची आणि मागे शिक्का कुठे मारायचा? या सदरात हे मी तिसऱ्यांदा लिहितेय. सोलायचा प्रयत्न करू नका, आहे तशीच घेऊन या. शनिवारी ऑफिस दुपारी एकपर्यंत उघडं असतं.